गोळीचा उपास

मखमलाबादच्या शिवारात ज्यांच्या मळ्यात मोगरा आहे, त्यांच्या घरी बाळाचं अंगावरचं दूध तोडायला डॉक्टर लागत नाही. उन्हाळ्यात मोगरा भरात असतो. टपोऱ्या कळ्या ओल्या फडक्यात घालायच्या, त्याचा पट्टा करून आईच्या छातीशी आवळायचा, की चार-सहा दिवसांत दूध आटतं. नवसाबाईला हे तिच्या सासूने शिकवलं होतं. पट्ट्यासाठी कुणी कळ्या मागायला आलं, तर ती विकायच्या टोपलीतल्याच ओंजळभर काढून देई, आणि तेवढं पुण्य आपल्या नावावर जमा झालं असं समजे.

सुनेला, सुवर्णाला, तिने असाच पट्टा बांधला, तेव्हा नात सायली दोन वर्षांची होत आली होती आणि आईला सोडायला तयार नव्हती. पट्टा बदलायच्या वेळी सुवर्णा न्हाणीत उभी होती. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, इथं हात लावा बरं. गाठ लागती."

नवसाबाईने बोटांनी चाचपलं. "दूध गाठलंय. पोरीला एकदम तोडलं की व्हतं असं."

"पण दुखत नाय."

"दुखत नाय तर मग कशाला जिवाला घोर लावून घेती?" असं म्हणून नवसाबाईने इकडेतिकडे पाहिलं, सुनेचा हात धरला आणि सरळ आपल्या पोलक्यात नेला. "हे बघ. माझ्या बी हाय. दोन वरसं झाली असतील. मी झेंडू तोडते, पाणी भरते, गडाच्या पायऱ्या चढते. काय झालं मला? बाईच्या जातीला असायचंच काहीतरी."

सुवर्णाच्या डोळ्यांत पाणीच आलं. सासूने आजवर जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं होतं. नवरा, रंगनाथ, वारल्यापासून नवसाबाईने आपल्या देहाचा उच्चार कुणापाशी केला नव्हता. मुलगा कर्ता झाला, त्याच्यापुढे असलं बोलायचं कसं? त्या दिवशी न्हाणीत त्या दोघी सासू-सुनांच्या मैत्रिणी झाल्या, आणि तिथेच घात झाला. नवसाबाईचं म्हणणं खोटं नव्हतं. तिला खरोखरच काही झालं नव्हतं. स्वतःच्या देहाचा पुरावा देऊन तिने सुनेची समजूत घातली होती, आणि याहून भक्कम पुरावा कोणती बाई मागणार?

बायकांच्या दुखण्याला आपल्याकडे मुहूर्त लागतो. पाऊस उघडला की बघू. गणपती झाले की बघू. मग दसऱ्याचा झेंडू आला. फुलवाल्याच्या घरात दसऱ्याच्या आधी ताप यायचीसुद्धा सोय नसते. सुवर्णाचा नवरा रविराज फुलं घेऊन पहाटेच गणेशवाडीच्या बाजाराला पळे, आणि मागे या दोघी वाकून वाकून झेंडू तोडत. डाव्या काखेत दाटल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा सुवर्णाने क्रेट उजव्या कमरेवर घ्यायला सुरुवात केली. नवसाबाईने ते पाहिलं. तिला वाटलं, हात भरून आला असेल.

भाऊबीजेला सुवर्णा सिन्नरला माहेरी गेली. न्हाताना मोठी बहीण उज्वला पाठ चोळायला आली आणि तिच्या हाताला जे लागलं, ते लागल्यावर तिने मुहूर्त पाहिला नाही. त्याच दिवशी तिने रविराजला फोन केला आणि सगळे नाशकाच्या मोठ्या दवाखान्यात जमले.

तिथल्या डॉक्टर अंजली वयाने लहान होत्या. बोलायला शांत आणि विचारायला नेमक्या. त्यांनी विचारलं, "गाठ कधी लक्षात आली?"

"उन्हाळ्यात. पोरीचं अंगावरचं तोडलं तवा."

"मग कुणाला सांगितलं होतं का?"

खोलीत रविराज होता, उज्वला होती. दाराशी पिशवी छातीशी धरून नवसाबाई उभी होती. सुवर्णाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाय. कुणालाच नाय सांगितलं. मला लाज वाटली."

नवसाबाईला तिथल्या तिथे बोलायचं होतं. जीभ उचललीच नाही. रविराजने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, घरात आई होती ना? तिला तरी सांगायचंस." आणि सुवर्णाने, जशी काही तिला हीच वाट हवी होती, विषय बदलला. म्हणाली, "डॉक्टर, आमच्या आत्याबाईंना बी गाठ हाय. त्यांना बी तपासा."

म्हणजे बघा. जिने सुनेला डॉक्टरपासून दूर ठेवलं, तिला सुनेनेच हाताला धरून डॉक्टरच्या पुढ्यात बसवलं.

दोघींच्या गाठींचे तुकडे तपासायला गेले, आणि दोघींनाही कॅन्सर निघाला. नवसाबाईला वाटलं, चला, निदान दोघींचं सारखं आहे. एका घरातलं दुखणं, एकाच औषधाने जाईल. डॉक्टर अंजलींनी तिला समजावलं ते तिच्या कायमचं लक्षात राहिलं.

"आजी, कॅन्सर हे नुसतं आडनाव आहे. एका आडनावाची सगळी माणसं सारखी असतात का? तुमची गाठ सावकाश वाढणारी आहे. ती शरीरातल्या हार्मोनवर पोसते, आणि तिचा घास तोडता येतो. ऑपरेशन करू, किरणांचा शेक देऊ, मग रोज एक गोळी. सुवर्णाची गाठ हार्मोनवर पोसतच नाही, त्यामुळे ती गोळी तिला लागू पडत नाही. तरुण वयात, बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत येणाऱ्या गाठी पुष्कळदा अशा धावऱ्या असतात. तिची काखेत पोचली आहे. आपण जोराचं औषध देऊ, पण..."

"उन्हाळ्यातच आली असती तर?" रविराजने विचारलं.

"हातात जास्त राहिलं असतं. किती, ते मला सांगता येणार नाही."

त्या उत्तराने नवसाबाईचं जेवढं नुकसान झालं तेवढं आजाराने झालं नाही. डॉक्टरांनी ठाम सांगितलं असतं, की उन्हाळ्यात आली असती तर वाचली असती, तर ती एकदाच मेली असती. नसतीच वाचली म्हणाल्या असत्या, तर सुटली असती. हे 'किती' मात्र रोज नव्याने पुढ्यात येऊन बसे.

नवसाबाईचं ऑपरेशन झालं, शेक झाले, आणि ती थोड्याच महिन्यांत पुन्हा मळ्यात दिसू लागली. रोज सकाळी चहानंतर ती गोळी घ्यायची, एवढाच काय तो आजार उरला. सुवर्णाचे केस गेले, भुवया गेल्या, चव गेली. तिचंही ऑपरेशन झालं, पण उन्हाळा आला तसा तिला खोकला लागला, आणि डॉक्टर अंजलींनी रविराजला एकट्याला आत बोलावलं.

आता नवसाबाई नावाप्रमाणे नवसाची. चार पोरं दगावल्यावर तिच्या आईने सप्तशृंगीच्या गडावर पदर पसरला होता, तेव्हाची ही. ज्या बाईचा जन्मच देवीशी केलेल्या बोलीवर झाला, ती अडचणीत आणखी काय करणार? लोक नवसाला गोड सोडतात, चपला सोडतात, चहा सोडतात. नवसाबाईने विचार केला, की जिवाच्या बदल्यात जीव मागायचा तर जिवाचंच काहीतरी सोडलं पाहिजे. गडावर तिने देवीपुढे हात जोडले आणि म्हणाली, "माझ्या गोळीनं जे आयुष्य मला घावणार, ते तिला दे. तिला बरं वाटंस्तोवर मी गोळीला शिवणार नाय."

त्या दिवसापासून गोळीचा उपास सुरू झाला. सकाळी चहा झाला, की ती सगळ्यांदेखत गोळी तोंडात टाकी, वर पाणी पिई, आणि मागे जाऊन काढून ठेवी. टाकून द्यायला तिचा हात धजावला नाही. औषध म्हणजे अन्नासारखंच. म्हणून गजऱ्याच्या सुया-दोऱ्याचा जो पत्र्याचा डबा होता, त्यात ती गोळ्या ठेवत गेली.

एका दुपारी सुवर्णा ओसरीत टेकून बसली होती. अंगात त्राण नव्हतं, पण सायलीच्या केसांसाठी गजरा करावा असं तिच्या मनात आलं. मांडीवर कळ्या घेऊन तिने डबा उघडला. नवसाबाई पाणी घेऊन आली, तेव्हा सुनेच्या तळहातावर गोळ्यांची रास होती.

"हे काय हाय?"

नवसाबाई खाली बसली. तिने नवस सांगितला. सुवर्णा ऐकत राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूवर चिडली.

"देवी काय बाजारात बसलीय का, हिचं काढून तिला द्यायला? माझ्या गाठीला गोळीच नाय, आत्याबाई. असती तर मी रांगेत उभी राहून आणली असती. तुमच्या गाठीला हाय, आन तुम्ही ती सुयांच्या डब्यात ठेवता?"

"मीच तुला घरात बसवलं. माझ्या तोंडानं. मी कुणाला तरी सांगते आता. रवीला सांगते. माझ्यानं गिळवत नाय."

सुवर्णाला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत नवसाबाई तिची पाठ चोळत राहिली. मग सुवर्णा बोलली ते अगदी सावकाश, एकेक शब्द निवडून.

"त्यांना नाय सांगायचं. त्यांचा राग तुम्हाला ठाऊक हाय. एकदा मन फिरलं की ते माणसाचं तोंड पाहत नाहीत. मी गेल्यावर ते तुमच्याशी बोलायचे बंद झाले, तर सायली कुणापाशी जेवणार? कुणापाशी निजणार? मी खोटं बोलले ते तुमच्यासाठी नाय बोलले. माझ्या पोरीसाठी बोलले. आई जातीय तिची, आजी तरी राहू द्या." आणि तिने सासूचा हात शेजारी खेळणाऱ्या सायलीच्या डोक्यावर ठेवला. "घ्या शपथ. गोळी चुकवायची नाय, आन बोलायचं नाय."

नवसाबाईने शपथ घेतली. सुवर्णाचा तेवढ्याने विश्वास बसला नाही. तिने सायलीला जवळ ओढलं आणि काम सोपवलं. रोज सकाळी आजीने गोळी घेतली, की आजीचं तोंड उघडून पाहायचं, जिभेखालीसुद्धा. तीन वर्षांच्या पोरीला असलं काम म्हणजे खेळच. दुसऱ्या दिवसापासून ती चहाच्या वेळी आजीच्या पुढ्यात उभी राहून हुकूम सोडू लागली, "आ कर. जीब वर कर. गेली."

मोगरा संपता संपता सुवर्णा गेली. तिला उचलली तेव्हा बायकांनी वेणी घातली ती दुसऱ्याच्या मळ्यातली. नवसाबाईच्या हातून त्या दिवशी एक कळी तोडवली नाही.

मागे राहिलेल्या माणसाला कुणावर तरी रागवावं लागतं. रविराज सुवर्णावरच रागावला. कुणी भेटायला आलं, की तो तेच सांगे. "घरात आई असताना बोलली नाही. एक शब्द आईच्या कानावर घातला असता, तर आईनं फरफटत नेली असती दवाखान्यात. स्वतःच्या लाजेपायी गेली." मग येणारी माणसं मान हलवत, नवसाबाईकडे दयेने पाहत, आणि ती पदराचा बोळा तोंडाशी धरून बसे. लोकांना वाटे, म्हातारी सुनेसाठी रडते. ती रडत होतीच, पण रोज एका मेलेल्या पोरीवर आळ येत होता आणि तो पुसायची तिला बंदी होती. ज्या पोरीने आपला जीव वाचवला, तिच्या नावाला डाग लागलेला ऐकायचा आणि वर पाणी प्यायचं. गोळी त्यामानाने सोपी होती.

वर्ष गेलं. मोगरा पुन्हा भरात आला. शपथ पाळली म्हणून सायली आजीच्या कुशीत निजत होती, तिच्या हातून जेवत होती, आणि सकाळी न चुकता जीभ वर करायला लावत होती.

अशात शेजारची झुंबर ओसरीत आली. पोरगं कडेवर, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. रविराज पलीकडेच क्रेटला दोरी आवळत होता.

"नवसामावशी, ओंजळभर कळ्या द्या. याचं तोडतेय."

नवसाबाईने टोपली पुढे ओढली. डब्यात कळ्या घालता घालता झुंबर सहज म्हणाली, "उजवीकडं गाठ बी झालीय. दूध गाठलंय, दुसरं काय."

टोपलीतला हात थांबला. "डॉक्टरकडं जा, झुंबर. उद्याच जा."

"कशाला? मी आमच्या आत्याबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या दुधाचीच हाय." झुंबरने पोराला वर उचललं आणि धीर देण्याच्या सुरात म्हणाली, "तुमचं काळीज भ्यालंय, मावशी, मला कळतंय. पण सुवर्णावहिनीनं कुणाला सांगितलंच नव्हतं, म्हणून तसं झालं. मी तर घरात सांगितलंय की."

आता काय करावं? सुवर्णाने जे खोटं नातीच्या भल्यासाठी पेरलं होतं, ते शेजारच्या घरात जाऊन उगवलं होतं. नवसाबाईने सायलीकडे पाहिलं. ती अंगणात गळलेल्या फुलांची रांग लावत होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ होती, आणि समोर एक तरणी बाई डबा घेऊन निघाली होती. रविराज हाकेच्याही अलीकडे होता. नंतर एकटीला गाठून सांगता आलं असतं, हे नवसाबाईलाही कळत होतं. पण नंतर सांगू, मग बघू, या वाटेने एक गेली होती.

"तिनं सांगितलं होतं," नवसाबाई म्हणाली.

झुंबर वळली.

"मला सांगितलं होतं. गाठ व्हती तेवढीच असताना सांगितलं होतं. मी बी म्हणाले, दुधाची हाय. माझी गाठ दाखवली तिला, म्हणाले मला काय झालं? ह्या हातानं पट्टा बांधला. तिनं काय लपवलं नाय. मी लपवलं. तू माझ्यासंगं दवाखान्यात चल."

पलीकडे दोरीचा आवाज थांबला होता. झुंबर डबा तिथेच ठेवून, पोराला घेऊन घरी गेली. रविराज बऱ्याच वेळाने जवळ आला.

"वर्षभर मी तिला बोललो," तो म्हणाला. "तिच्या फोटोपुढं उभं राहून बोललो. तू ऐकत होतीस."

"व्हय."

"का?"

"तिनं शपथ घातली व्हती. सायली तुझ्या-माझ्यात तुटू नये म्हणून."

त्याने आईकडे पाहिलं नाही. सुवर्णाने ओळखला होता तो अगदी तसाच होता. रात्री तो जेवला नाही, आणि सकाळी सायलीचे कपडे भरून तिला सिन्नरला आजोळी घेऊन गेला. सायलीने विचारलं, "आजी नाय येत?" तो म्हणाला, "तिला मळ्यात काम आहे." कधी आणणार ते त्याने सांगितलं नाही, आणि नवसाबाईने विचारलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला आहे असं तिला वाटलं नाही.

झुंबर नवसाबाईबरोबर दवाखान्यात गेली, तपासणी झाली. गाठ खरोखरच दुधाची निघाली.

झुंबरच्या सासूने ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. "मी म्हणतच व्हते. उगाच पोरीला घाबरवलं, अन् स्वतःच्या घरात काडी लावून घेतली म्हातारीनं." कुणीतरी ते आवर्जून नवसाबाईच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "दुधाचीच हाय हे कळायलाच तर गेलो होतो." एवढं बोलून ती कामाला लागली. तिला बरं वाटलं का? वाटलं. झुंबरसाठी वाटलं. पण घरात शिरताना कोपऱ्यात सायलीची चिमुकली चप्पल दिसली, एकच, दुसरी कुठे तरी मळ्यात राहिली असणार, आणि ती उंबऱ्यातच बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा केला. सवयीने बशीत थोडा जास्तीचा ओतला, सायलीपुरता, आणि तो तसाच निवत राहिला. गोळी तळहातावर घेऊन ती बराच वेळ बसली. आता अडवणारं कुणी नव्हतं. सुयांचा डबा हाताशी होता. दोन शपथांतली एक तिने मोडलीच होती. दुसरी मोडली असती तर कुणाला कळलंही नसतं, आणि खरं सांगायचं तर जगायची तिला फारशी हौस उरली नव्हती.

तिने गोळी तोंडात टाकली आणि वर पेलाभर पाणी प्याली.

मग तिने रिकाम्या अंगणाकडे तोंड करून आ केला. जीभ वर केली. कुणी 'गेली' म्हणेल म्हणून थोडा वेळ ती तशीच बसून राहिली.